रिपोर्टात ‘पिनिअल’ हा शब्द आला तर

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टात ‘पिनिअल सिस्ट’ लिहून आलं, की घरात रडारड सुरू होते. पिनिअल ही मेंदूच्या मधोमध बसलेली, सेंटिमीटरभरही नसलेली ग्रंथी. झोपेची वेळ सांभाळणारं मेलॅटोनिन ती बनवते. तिच्यातल्या पाण्याच्या बारीक पिशव्या, म्हणजेच सिस्ट, धडधाकट माणसांतही सर्रास सापडतात आणि बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी असतात.

तिथला ट्यूमर मात्र विरळा, आणि तो जास्त करून मुलांत आणि तरुणांत होतो. शेजारूनच मेंदूतलं पाणी वाहून नेणारी अरुंद नळी जाते. ती दाबली गेली की पाणी तुंबतं, कवटीतला दाब वाढतो. मग आडवं झाल्यावर डोकं जास्त ठणकतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात. डोळे वर वळत नाहीत. फळीवरचा डबा बघायलाही मान मागे टाकावी लागते. भिवंडीत यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याची सकाळ दुपारी उजाडते. म्हणून डोकेदुखीबद्दल मी ‘सकाळी दुखतं का’ असं विचारत नाही, ‘झोपून उठल्यावर दुखतं का’ असं विचारतो.

रिपोर्टात सिस्ट आहे आणि फिटही येते, तर गणित वेगळं आहे. फिट बहुधा मेंदूच्या वरच्या थरातून उठते, पिनिअल तर खोल आत. त्यामुळे फिटचं खापर छोट्या सिस्टवर फोडून मोकळं होऊ नका. आपल्याकडे टेपवर्मची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेल्या गाठी, टीबीच्या गाठी, डोक्याला लागलेला जुना मार, मध्येच सोडलेल्या गोळ्या ही कारणं आधी तपासावी लागतात. अपुऱ्या झोपेनेही फिटला आयतं निमित्त मिळतं.

फिट आली तर रुग्णाला यंत्रमागापासून दूर घ्या, कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्याने काहीही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. पहिलीच फिट असेल तर ती थांबल्यावरही भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात त्याच दिवशी दाखवा. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईतलं केईएम, शीव किंवा जे. जे. रुग्णालय गाठावं लागतं. पिनिअलच्या भागातला जर्मिनोमा हा ट्यूमर किरणोपचाराने बहुधा पूर्ण बरा होतो.

मेंदूत तुंबलेलं पाणी काढण्यासाठी शंट, म्हणजे नळी, बसवला असेल आणि पुन्हा डोकेदुखी, उलट्या, गुंगी सुरू झाली, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत जा.