वनौषधींची पोषणदृष्ट्या परीक्षा : सिरोंचा भागातील तरोट्याचे उदाहरण

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस लोटले की सिरोंचा तालुक्यातील रस्त्यांच्या कडा, पडीक वावरे व गावठाणातील मोकळ्या जागा तरोट्याच्या कोवळ्या रोपांनी भरून जातात. कोकणात व देशावर ज्यास टाकळा म्हणतात तोच हा तरोटा होय. परसातील व शेतातील भाज्या हाती येण्यास त्या वेळी अवकाश असतो. त्यामुळे पावसाळ्याचे पहिले काही आठवडे अनेक घरांत हाच पाला शिजतो. आयुर्वेदात यास चक्रमर्द असे नाव आहे. गजकर्णाच्या चकत्यांचे मर्दन करणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे एकच वनस्पती चुलीवरही आहे आणि औषधांतही.

अशा दुहेरी उपयोगाच्या वनस्पती या भागात पुष्कळ आहेत. आवळा, बेल, शेवगा, शतावरी, कुड्याची फुले, मोहफुले अशी यादी सहज वाढविता येईल. अलीकडे त्यांच्याविषयी कुतूहल वाढले आहे. राज्याच्या कृषि विभागाने 2020 सालापासून रानभाजी महोत्सव भरविण्यास आरंभ केल्यावर अमुक भाजीत लोह विपुल, तमुक भाजी मधुमेहावर गुणकारी, अशी विधाने पत्रकांतून व फलकांवरून सर्रास वाचावयास मिळतात. त्यांपैकी काही खरी आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि काही विधानांमागे कोणतीच परीक्षा झालेली नाही. ही परीक्षा होते कशी, आणि तिचा पहिला भाग गावातच का उरकावा लागतो, हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ओळख, मग पृथक्करण

वनस्पती प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच परीक्षा बिघडू शकते. सिरोंचा तालुक्याच्या पश्चिमेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी व पूर्वेस इंद्रावती अशा नद्या असून येथे मराठी, तेलुगू व गोंडी-माडिया या भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. एकाच झाडाला तीन नावे आणि एकाच नावाची दोन झाडे, हा प्रकार येथे नित्याचा आहे. तरोट्याचेच पाहावे. तरोट्याचे शास्त्रीय नाव सेना टोरा. त्याचाच एक भाईबंद कासविंदा, शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेंटॅलिस, हाही त्याच उकिरड्यांवर व त्याच पडीक जमिनींत उगवतो. दोघांचीही फुले पिवळी. तेलुगूत कासविंद्यास कसिंद म्हणतात, आणि तरोट्याच्या अनेक तेलुगू नावांपैकी चिन्नकसिंद, म्हणजे लहान कसिंद, हे एक आहे. नुसते नाव ऐकून नमुना गोळा करणारा माणूस येथे हमखास फसावयाचा.

ही फसगत केवळ शास्त्रीय स्वरूपाची नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षे पावसाळा सरल्यावर लहान मुले एकाएकी ओकाऱ्या, आकडी व बेशुद्धी येऊन दगावत असत. हा मेंदूज्वर असावा असाच समज होता. बिजनौर भागात 2006-07 च्या सुमारास केलेल्या तपासात असे निष्पन्न झाले की, या मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या हिरव्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या. त्या बियांतील विषाने यकृत, स्नायू व मेंदू या तिन्हींवर एकदम घाला घातला होता. पुढे 2016 साली ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील काहींस जपानी मेंदूज्वर झाल्याचे सिद्ध झाले. परंतु इतर आजारी मुलांच्या तपासणी-नमुन्यांत कासविंद्याच्या बियांतील अँथ्राक्विनोन जातीची द्रव्ये सापडली. मलकानगिरी हा सिरोंचाप्रमाणेच गोदावरीच्या खोऱ्यातील, जंगलाने वेढलेला व आदिवासी वस्तीचा जिल्हा आहे.

दोन्ही झाडे पुढील खुणांवरून ओळखता येतात. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असून पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्यात जोड्या चार ते सहा, पर्णिका टोकाकडे निमुळती, आणि पान चुरगाळल्यास उग्र दुर्गंध येतो. तरोट्यात खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती पानाच्या देठाच्या बुडाशी असते. शेंगा धरल्यावर तर शंकेस जागाच राहत नाही. तरोट्याची शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वळलेली. कासविंद्याची आखूड, चपटी, मध्ये तपकिरी व कडांना फिकट. तरोट्याच्या बियांची टोके तिरकस छाटल्यासारखी असतात, कासविंद्याची बी चपटी व गोलसर.

म्हणून भाजीच्या नमुन्याबरोबर त्याच झाडाची फूल व शेंग असलेली एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी व सोबत पाठवावी. जूनमध्ये कोवळ्या पाल्याला फूल नसते. तेव्हा झाडास खूण करून ठेवावी आणि फुलोरा आल्यावर डहाळी घ्यावी. ओळखीविषयी वाद उत्पन्न झाल्यास हीच डहाळी कामी येते. 2021 साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, असा प्रश्न आयुष मंत्रालयाने त्यावर उपस्थित केला. घेतलेल्या वेलीची डहाळी प्रत्येक घरी जपून ठेवलेली असती तर त्याचे उत्तर एका दिवसात मिळाले असते.

आकडे कसे वाचावेत

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था तयार करते. 1918 साली कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी सुरू केलेले छोटेसे कार्यालय हे तिचे मूळ. 1958 साली ती हैदराबादेस आली. तिच्या जुन्या तक्त्यांत पालकाच्या 100 ग्रॅम पाल्यात जवळजवळ 11 मिलिग्रॅम लोह दिलेले होते. नंतरच्या आवृत्तीत ते 1 मिलिग्रॅमच्या आसपास आले, आणि 2017 च्या तक्त्यात सुमारे 3 मिलिग्रॅम आहे. आवळ्यातील क जीवनसत्त्व जुन्या तक्त्यात 600 मिलिग्रॅम होते; 2017 च्या तक्त्यात ते सुमारे 250 मिलिग्रॅम आहे.

पालक किंवा आवळा बदलला, असा याचा अर्थ नव्हे. पालेभाजीला चिकटलेली माती हे लोह वाढण्याचे एक मोठे कारण असते. तांबड्या मातीचा कणभर अंश पानावर राहिला तरी तो पृथक्करणात लोह म्हणून मोजला जातो, मात्र खाणाऱ्याच्या रक्तात त्याचा फारसा उपयोग होत नाही. लोखंडी विळी व खलबत्ता यांचाही थोडाबहुत हातभार लागतो. क जीवनसत्त्व मोजण्याची जुनी रंगद्रव्याची पद्धत तुरट फळांतील तत्सम इतर द्रव्येही मोजते; नव्या यंत्रांनी ती वेगळी काढता येतात. आवळा आजही क जीवनसत्त्वाचा उत्तम साठा आहे, यात शंका नाही. 1939-40 च्या दुष्काळात हिसार भागात हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही रोग पसरला असता आवळ्यानेच रोगी बरे झाले होते. वनस्पतीची याहून उघड परीक्षा क्वचितच झाली असेल.

दुसरी फसगत पाण्याची. ताज्या पालेभाजीत शंभरात 80 ते 85 भाग पाणी असते. 500 ग्रॅम ताजा पाला पूर्ण वाळवून 90 ग्रॅम राहिला, तर त्यात 82 टक्के पाणी होते. वाळलेल्या पाल्याच्या 100 ग्रॅममध्ये 20 मिलिग्रॅम लोह निघाले, तर ताज्या 100 ग्रॅममध्ये ते 3.6 मिलिग्रॅमच असावयाचे. शेवग्याच्या पानांत दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते हे विधान बहुधा वाळलेल्या भुकटीची ताज्या दुधाशी तुलना करून केलेले असते. दूध पेलाभर पितात. भुकटी चमचाभर घेतात.

प्रथिनांचा आकडाही सावधपणे घ्यावा. प्रयोगशाळा नत्र मोजते व त्यास 6.25 ने गुणते. पाल्यातील नायट्रेटसारखे इतर नत्र त्यात मिसळल्यास प्रथिने फुगून दिसतात.

शिवाय पोषक द्रव्यांबरोबर अपायकारक द्रव्येही मोजणे आवश्यक असते. या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला दूरचे उदाहरण नको. धानाच्या बांधीत मागाहून पेरली जाणारी लाखोळी प्रथिनांच्या तक्त्यात पंचवीस टक्क्यांच्या वर गुण मिळविते. तरीही केवळ तिच्यावर महिनोन्‌महिने गुजराण करणाऱ्यांचे पाय लुळे पडत. आयुर्वेदातील कलायखंज तो हाच. महाराष्ट्रात 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती, आणि तिच्यातील विषद्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी 1964 साली वेगळे काढले. पालेभाज्यांत ऑक्झॅलेट हे असेच तपासावयाचे द्रव्य होय. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पानात असलेले सर्व कॅल्शियम अंगी लागत नाही. भाजी उकळून पाणी टाकल्यास ऑक्झॅलेट कमी होते, परंतु त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते. कडू कंद कापून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवण्याची जंगलातील रीत ही याच हिशेबाची आहे. तेथे विष घालविणे महत्त्वाचे, जीवनसत्त्व दुय्यम.

आरोग्यवर्धक गुणांची परीक्षा याहून पुष्कळ कठीण असते. काचेच्या नळीत एखाद्या अर्काने जंतू मेले, किंवा उंदराची रक्तशर्करा उतरली, एवढ्यावरून माणसाचा रोग बरा होईल असे अनुमान काढता येत नाही. ठराविक मात्रा, ठराविक काळ आणि ती वनस्पती न घेणाऱ्या रुग्णांशी तुलना, इतके झाल्यावरच काही निश्चित बोलता येते. गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचा फिकेपणा लोहाच्या अभावाचाच असेल असे नाही. अशा घरी रानभाजीने रक्त वाढते असे सांगून दवाखान्याची वाट लांबविणे घातक आहे; रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी.

नमुना घेण्याची रीत

नमुना एकाच झाडाचा किंवा एकाच जागेचा नसावा. गावाच्या निरनिराळ्या दिशांना, रस्त्यापासून व फवारणी झालेल्या शेतांपासून दूर असलेल्या आठ-दहा ठिकाणांहून, लोक जेवढा भाग खातात तेवढाच खुडावा. तरोट्याचा केवळ शेंडा खात असतील तर केवळ शेंडाच घ्यावा. सकाळी खुडावे, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे, फडक्याने टिपावे व लगेच वजन करून लिहून ठेवावे. पाला हाताने किंवा गंज न लागणाऱ्या सुरीने तोडावा. क्षार व प्रथिने तपासावयाची असल्यास सावलीत वाळविलेला नमुना चालतो. जीवनसत्त्वे तपासावयाची असल्यास तो बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना करावा लागतो, आणि सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून दूर असल्याने हे काम आधी ठरवूनच करावे. मार्गदर्शन गडचिरोलीच्या कृषि विज्ञान केंद्राकडून घ्यावे.

कच्च्या नमुन्यासोबत घरात शिजलेल्या भाजीचाही नमुना पाठवावा. हा भाग बहुधा राहून जातो, आणि खरे तर खाल्ली जाते ती शिजलेली भाजीच. पाणी टाकले की आटविले, तेल किती, आंबट काय घातले, हे भाजी करणाऱ्या बाईस विचारून टिपावे. तेलामुळे पाल्यातील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य अंगी लागते. लिंबू किंवा आवळा सोबत असल्यास लोह अधिक शोषले जाते, जेवणाबरोबरच्या चहाने ते घटते. झाडाची मराठी, तेलुगू व गोंडी नावे, गाव, दिनांक व माहिती सांगणाऱ्याचे म्हणणे लोकजैवविविधता नोंदवहीतही नोंदवावे, म्हणजे गावचे ज्ञान गावच्या नावावर राहते. जंगलातील नमुने बाहेर पाठविण्यापूर्वी ग्रामसभेस व जैवविविधता व्यवस्थापन समितीस कल्पना द्यावी.

सप्टेंबरपासून शेंगा भरू लागतात. तरोट्याच्या वाळल्या बियांना डिंकाच्या कारखान्यांमुळे बाजार असल्याने त्या गोळा करून घरात आणल्या जातात. गोळा करतानाच कासविंद्याच्या शेंगा वेचून बाजूला टाकाव्यात आणि बियांची पोती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. भाजल्याने कासविंद्याच्या बियांचा जोर काहीसा उतरतो व आफ्रिकेत त्यांची कॉफीही करतात. तथापि त्या भरवशावर त्या घरात ठेवू नयेत. गुरे, शेळ्या व कोंबड्या यांनाही त्या बाधतात, म्हणून कडब्यात व दाण्यात मिसळलेल्या शेंगा निवडून काढाव्यात. अंगणवाडीच्या कुंपणालगत कासविंदा असल्यास शेंगा धरण्यापूर्वी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, तो मुळासकट उपटावा. शेंगांच्या दिवसांत एखाद्या मुलाला एकाएकी ओकाऱ्या होऊन ते बरळू लागले किंवा त्यास आकडी आली, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि ते जेथे खेळत होते तेथील शेंगांची एक डहाळी डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत घ्यावी.