फाईल शेअर होत नाही? सात मजले चढून बघा!
(विंडोज, लिनक्स आणि होस्टेलचे नेटवर्क)

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर उभे राहा, हा संवाद कानावर पडणारच.

"अरे, तुझं मशीन दिसतच नाहीये."
"मी तर फोल्डर शेअर केलाय."
"आता पासवर्ड मागतंय."
"फायरवॉल बंद करून टाक."
"केली. तरी नाही."
"मग एव्हरीवनला फुल कंट्रोल दे!"

अर्ध्या तासाने कोणीतरी पेन ड्राईव्ह शोधून आणतो आणि रिपोर्ट एकदाचा पोचतो. पण बंद केलेली फायरवॉल आणि सगळ्यांसाठी उघडा टाकलेला फोल्डर? ते तसेच राहतात, पुढचे अख्खे सेमिस्टर. म्हणजे प्रश्न तर सुटला नाहीच, वर दार मात्र सताड उघडे राहिले.

या लेखाचे सांगणे एवढेच आहे: फाईल शेअरिंग बिघडले की दिसेल ते बटण दाबत सुटू नका. विनंतीला एका मशीनपासून दुसऱ्या मशीनमधल्या फाईलपर्यंत सात मजले चढावे लागतात. ती नेमकी कुठल्या मजल्यावर अडली ते आधी शोधा आणि दुरुस्ती फक्त तिथेच करा.

थोडासा इतिहास

विंडोज मशीन एकमेकांशी फाईलींची देवाणघेवाण ज्या भाषेत करतात तिचे नाव एसएमबी. १९८० च्या दशकात ती आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. युनिक्सच्या जगाला ही भाषा सहसा येत नव्हती. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला अँड्र्यू ट्रिजेल हा पीएच.डी.चा विद्यार्थी तारेवरून येणारी-जाणारी पॅकेट्स बघत बसला आणि त्यावरून त्याने युनिक्ससाठी स्वतःचा सर्व्हर लिहिला. त्याच कामातून 'सांबा' उभे राहिले. नावाची गंमत अशी, की आधीचे नाव बदलावे लागले तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाईलवर ग्रेप चालवून एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातला 'सांबा' उचलला!

आज आपल्या लिनक्सवर जे शेअरिंग चालते ते याच सांबाच्या जिवावर. आणि ते तयार झाले अंदाज बांधून नव्हे, तर तारेवर प्रत्यक्ष काय चाललंय ते बघून. आपल्यालाही नेमके तेच करायचे आहे.

उदाहरण म्हणून समजा, तुमच्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे उबुंटू आहे आणि त्याने 'प्रोजेक्ट' नावाचा फोल्डर सांबातून शेअर केला आहे. चला, चढायला लागू.

पहिला मजला : रस्ता आहे का?

दोन्ही मशीनचे आयपी पत्ते लिहून घ्या. विंडोजवर आयपीकॉन्फिग, लिनक्सवर 'आयपी ए'. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतला आहे. आधी केबल किंवा वायफाय बघा.

मग विंडोजकडून लिनक्सला पिंग करा. दिशा मुद्दाम सांगतोय. विंडोजची फायरवॉल पिंगला बहुतेक वेळा उत्तरच देत नाही, त्यामुळे उलट दिशेने पिंग फसले तर त्यावरून रस्ता नाही असे ठरत नाही.

होस्टेलमध्ये हमखास दिसणारा प्रकार म्हणजे दोघांनाही इंटरनेट मिळते, पण एकमेकांना पिंग जात नाही. याचे कारण बहुधा वायफायच्या ॲक्सेस पॉइंटवर असते. एकाच वायफायवरच्या दोन मशीनना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय तिथे असते आणि सुरक्षिततेसाठी ती मुद्दाम चालू ठेवलेली असते. अशा वेळी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये रात्रभर खोदकाम करून काही मिळणार नाही. सरळ दोन लॅपटॉपमध्ये लॅन केबल टाका, किंवा नेटवर्क बघणाऱ्या सरांना विचारा.

दुसरा मजला : नाव की नंबर?

"नेटवर्कमध्ये मशीन दिसत नाही" याचा अर्थ "मशीन नाही" असा होत नाही. रनच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे मित्राच्या मशीनचा आयपी टाकून बघा. फोल्डर उघडला तर शेअरिंग ठणठणीत आहे, फक्त नाव सापडत नाहीये.

असे का होते? पूर्वी नेटवर्कच्या खिडकीत दिसणारी मशीनची यादी जुन्या एसएमबी १ च्या आधाराने तयार व्हायची. आता विंडोज त्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही वेगळी पद्धत वापरते आणि ती सांबाला स्वतःहून येत नाही. लिनक्सवर 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की मशीन यादीत दिसू लागते. नाही टाकला तरी काही अडत नाही, नंबराने काम होतेच.

तिसरा मजला : दार उघडे आहे का?

एसएमबीचे दार म्हणजे टीसीपी पोर्ट ४४५. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' या कमांडला मित्राचा पत्ता आणि पोर्ट ४४५ द्या. उत्तर 'ट्रू' आले तर पुढच्या मजल्यावर चला. पिंग जाते पण इथे 'फॉल्स' येते, तर एक तर सांबा चालू नाही, नाहीतर फायरवॉल आडवी आली आहे. उबुंटूवर आधी 'एसएमबीडी' ही सर्व्हिस चालू आहे का बघा, मग यूएफडब्ल्यूला फक्त सांबापुरती परवानगी द्या. अख्खी फायरवॉल पाडायची गरज नाही.

इथे एक युक्ती लक्षात ठेवा. जो मागायला जातो त्याला स्वतःचे दार उघडावे लागत नाही, ज्याच्याकडे फाईल मागायची त्यालाच उघडावे लागते. म्हणून शेअर लिनक्सवर ठेवलात तर विंडोजचे नेटवर्क 'पब्लिक' असले तरी चालते. विंडोजवरूनच शेअर करायचे असेल तर मात्र नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे लागेल. ते कामापुरते करा आणि नंतर आठवणीने परत फिरवा.

चौथा मजला : बोली जुळते का?

एसएमबीच्या पिढ्या आहेत. एसएमबी २ विंडोज व्हिस्टाबरोबर आली, एसएमबी ३ आली २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. दोन मशीन भेटली की आधी कुठल्या पिढीच्या बोलीत बोलायचे ते ठरवतात. नाही जमले तर गप्प बसतात. लिनक्सवरून माऊंट करताना 'होस्ट इज डाऊन', एरर ११२ आला आणि समोरचे मशीन तर चालू दिसतंय, तर पहिला संशय बोलीवर घ्या.

लॅबमध्ये एखाद्या उपकरणाला जोडलेले विंडोज एक्सपीचे मशीन असेल तर त्याला फक्त एसएमबी १ येते. इकडे विंडोज १० च्या २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळातच बसवलेली नसते. सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीत ती आपणहून बंद ठेवली.

मग कोणीतरी सांगतो, "एसएमबी १ चालू कर, दोन मिनिटांचं काम आहे." काम खरेच दोन मिनिटांचे आहे. पण १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांची मशीन अडकली, आणि अडकलेले प्रत्येक मशीन नेटवर्कवरचे पुढचे मशीन शोधत सुटले. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये ठरलेल्या ऑपरेशन्स पुढे ढकलाव्या लागल्या. आता होस्टेलचा विचार करा. एकाच नेटवर्कवर शेकडो लॅपटॉप आणि प्रत्येकात कोणाचा ना कोणाचा फायनल इयरचा प्रोजेक्ट! तुमच्या एका लॅपटॉपमधले भोक तुमच्यापुरते राहत नाही. म्हणून नव्या मशीनला खाली ओढू नका. जुने मशीन अपडेट होत नसेल तर ते नेटवर्कपासून वेगळे ठेवा आणि त्याच्याकडून फाईल पेन ड्राईव्हने, स्कॅन करून, घ्या.

पाचवा मजला : तू कोण?

पासवर्डची चौकट आली म्हणजे खालचे चार मजले ठीक आहेत. निम्मी लढाई जिंकलात! पण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. कारणे साधारण चार.

एक, सांबाची पासवर्डची वही वेगळी असते. लिनक्सवर युजर असला तरी 'एसएमबीपासवर्ड' कमांडने त्याची नोंद सांबात करावी लागते.

दोन, विंडोजवरच्या शेअरला लॅपटॉप उघडायचा पिन चालत नाही. पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

तीन, एरर १२१९. एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या नावांनी एकदम जोडणी विंडोज करू देत नाही. आधीची चुकीची जोडणी आत जिवंत असते. 'नेट यूज' ला डिलीट सांगून ती काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

चार, गेस्ट म्हणून बिनपासवर्डाचा प्रवेश. २०२४ च्या विंडोज ११, २४एच२ आवृत्तीपासून प्रो मध्येही तो बंद आहे, शिवाय जोडणीवर डिजिटल सही लागते आणि पाहुण्याला ती करताच येत नाही. "काल चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं" असे असेल तर बहुधा हेच. उपाय सोपा: एक युजर बनवा, पासवर्ड द्या.

सहावा मजला : हक्क आहे का?

आत शिरलात, पण 'ॲक्सेस डिनाईड'. इथे कुलुपे दोन आहेत, एक शेअरचे आणि दुसरे डिस्कवरच्या फोल्डरचे. दोन्ही उघडावी लागतात. एकाने 'लिहा' म्हटले आणि दुसऱ्याने 'फक्त वाचा', तर फक्त वाचायलाच मिळणार. सांबाच्या फाईलमध्ये 'रीड ओन्ली' ला 'नो' लिहून भागत नाही, लिनक्सची परवानगीही हवी.

आणखी एक खोच. उबुंटूवर २०२१ च्या २१.०४ पासून नव्या युजरचे होम इतरांना बंद असते. होमच्या आतला फोल्डर शेअर केला तर मित्राला वाटेतच अडवले जाते. त्यावर लोक सरसकट ७७७ ठोकतात. तसे नको. होमबाहेर एक फोल्डर करा, प्रोजेक्टच्या चौघांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि परवानगी २७७० द्या. पुढचा २ असल्याने आत तयार होणारी प्रत्येक फाईल त्याच ग्रुपची होते. नव्या फाईलवर ग्रुपला लिहिताही यावे म्हणून सांबात 'क्रिएट मास्क' ०६६० ठेवा. काम चौघांचे आहे, तर दार चौघांनाच.

सातवा मजला : फाईलच वेडी आहे का?

कधी कधी सगळे उघडते, एकच फाईल त्रास देते. लिनक्सवर नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजवर नाही, म्हणून तिकडे विचित्र तुटके नाव दिसते. लिनक्सला कॅपिटल आर आणि स्मॉल आर वेगळे, विंडोजला एकच, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाईलींचा घोळ होतो. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत रुसते, कारण विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे टाकते आणि लिनक्स एकच. 'डॉस२युनिक्स' चालवा, रुसवा संपेल.

आणि आपल्या मराठी विभागाचा खास अनुभव! जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला लेख दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाईल खराब नाही, फॉन्ट नाही. लेख युनिकोडमध्येच टाईप करा, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर वाचता येईल.

झटपट निदान

- 'नेटवर्क पाथ सापडत नाही', एरर ५३ : पहिला ते तिसरा मजला.
- 'होस्ट इज डाऊन', ११२ : चौथा मजला.
- 'लॉगऑन फेल्युअर', १३२६ : पाचवा मजला.
- 'ॲक्सेस डिनाईड', एरर ५ : सहावा मजला.
- 'बॅड नेटवर्क नेम' : शेअरचे नाव चुकले आहे, स्पेलिंग बघा.

सांबाची फाईल बदलली की 'टेस्टपार्म' चालवायला विसरू नका, लिहिण्यातली चूक ते लगेच दाखवते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते कागदावर लिहा. पाच गोष्टी एकदम बदलून शेअरिंग चालू झाले, तर कशामुळे झाले ते कोणालाच कळत नाही, आणि उरलेली चार भोके उघडी राहतात ती राहतातच.

शेवटी काम झाले की शेअर काढा, नेटवर्क पुन्हा 'पब्लिक' करा आणि मग झोपा. पुढच्या वेळी कॉरिडॉरमधून "फायरवॉल बंद कर" असा आवाज आला, तर बाहेर जाऊन एवढेच विचारा: "कितव्या मजल्यावर अडलंय?"