सरावातले हेडर

पुणे

चि. ईश्वरीस,


सरांनी तुला फुटबॉल संघात स्टॉपर केलं हे ताईकडून कळलं आणि मनापासून आनंद झाला. सामना संपल्यावरही अर्धा तास थांबून कॉर्नरवरून आलेले चेंडू डोक्यानं परतवायचा सराव करतेस, हेही तिनं सांगितलं. मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, हेडिंगनं खरंच मेंदूला काही होतं का? डॉक्टर म्हणून आणि मामा म्हणून माझं उत्तर एकच आहे. होऊ शकतं. आणि त्यातला मोठा धोका सामन्यात नसतो, तुझ्या त्या अर्ध्या तासात असतो.

इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघात जेफ अ‍ॅस्टल नावाचा स्ट्रायकर होता. हेडिंगसाठी त्याची ख्याती होती. १९६८च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा विजयी गोल मात्र त्यानं डाव्या पायानं मारला. पुढे त्याची स्मृती गेली आणि २००२मध्ये, अवघ्या ५९व्या वर्षी तो वारला. चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं मृत्यूचं कारण नोंदवलं ते व्यवसायातून जडलेला आजार असं. खाणकामगाराच्या फुप्फुसांबद्दल लिहावं तसं एका फुटबॉलपटूच्या मेंदूबद्दल लिहिलं गेलं. २०१४मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा त्यात सीटीई हा आजार आढळला. डोक्याला पुन्हापुन्हा मार बसणाऱ्या बॉक्सरांमध्ये दिसतो तोच. वडिलांसाठी लढणारी त्याची मुलगी डॉन हिच्याबद्दल मला फार आदर वाटतो. तिनं हा विषय झाकू दिला नाही.

पण एका माणसावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून त्याच स्टुअर्ट यांच्या गटानं २०१९मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना सुमारे २३ हजार सामान्य पुरुषांशी केली. हृदयविकारानं खेळाडू कमी मेले होते, फुप्फुसाच्या कर्करोगानंही. खेळानं शरीराचं भलंच केलं होतं. मेंदू झिजवणाऱ्या आजारानं मात्र खेळाडूंपैकी १.७ टक्के गेले, इतरांपैकी ०.५ टक्के. वयाचा हिशेब धरला की हा धोका साडेतीन पट होतो. घाबरून जाऊ नकोस, टक्केवारी लहानच आहे. दोन वर्षांनी त्यांनी खेळाच्या जागेप्रमाणे पाहिलं, आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं ते इथे आहे. चेंडूला क्वचितच डोकं लावणाऱ्या गोलकीपरांमध्ये ठोस फरक नव्हता. सर्वांत जास्त, जवळपास पाच पट धोका होता तो डिफेंडरना. म्हणजे तुझ्या जागेला. जितकी वर्षं जास्त खेळले, तितका धोकाही जास्त.

‘तेव्हाचे चेंडू चामड्याचे होते, पाणी पिऊन जड व्हायचे’ असं तुला मैदानावर कोणीतरी सांगेल. पण कोरड्या चेंडूचं वजन तेव्हाही साधारण आजच्याइतकंच, ४१० ते ४५० ग्रॅमच्या आसपास होतं, आणि आजचा चेंडू अधिक वेगानं येतो. वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्या खेळाडूंमध्येही हा धोका कमी झालेला दिसला नाही.

आत काय होतं ते सांगतो. कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो. चेंडू आदळला की डोकं झटक्यानं थांबतं किंवा वळतं, मेंदू मात्र क्षणभर मागे राहतो, आणि पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. एका हेडरनं चक्कर येत नाही, दुखतही नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. २०१६मध्ये स्टर्लिंग विद्यापीठात खेळाडूंना कॉर्नरच्या वेगाचे वीस हेडर मारायला लावले. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली. पण तू दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातेस, ईश्वरी.

आणखी एक. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी सारखेच हेडर मारणाऱ्या स्त्री-पुरुष खेळाडूंचे एमआरआय ताडून पाहिले. तंतूंमधले बदल स्त्रियांत पाचपट मोठ्या भागात पसरलेले दिसले. मानेचे स्नायू तुलनेनं कमी बळकट असणं हे त्याचं एक कारण असावं. त्यामुळे मुलग्यांइतकाच सराव मीही करीन हा हट्ट इथे कामाचा नाही.

तू खेळ सोडावास असं मी मुळीच म्हणणार नाही. सामन्यात चेंडू गोलसमोर आला तर निःशंक उडी मार. सराव मात्र बदल. उडीची वेळ, चेंडूचा अंदाज, खांद्यानं जागा अडवणं हे सगळं हातानं हलकेच टाकलेल्या चेंडूवर किंवा मऊ, हलक्या चेंडूवर शिकता येतं. लांबून वेगात येणारे हेडर आठवड्यात दहाच्या आत ठेव. इंग्लंडमध्ये २०२१पासून व्यावसायिकांनाही सरावात तेवढेच सांगितले आहेत. मानेचा व्यायाम रोज कर. आणि डोक्यावर जोराचा फटका बसून धूसर दिसलं, मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी मैदानातून बाहेर, संघ हरत असला तरी. डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय परत उतरायचं नाही.

रविवारी तालमीच्या लहान पोरांना शिकवतेस ना? आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हेडिंग अजिबात शिकवू नकोस. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते २०१५ सालीच बंद केलं, इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये २०२०पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून काढलं. त्या वयाला पायच शिकवायचे.

हे पत्र सरांना दाखव. कोल्हापुरात पेठेचा सामना म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना सरावाचं वेळापत्रक बदलणं जड जाईल. माझा नंबर त्यांना दे. रात्री नऊनंतर कधीही फोन करू देत, मी सविस्तर बोलेन.

तुझा,
मामा