घर उभे राहण्यापूर्वी

मनुष्य आयुष्यभराची पुंजी वेचून घरासाठी जागा घेतो. परंतु जागा घेणे आणि घर उभे राहणे यांत बहुधा काही वर्षांचा काळ जातो. कधी पैशाची जुळवाजुळव राहिलेली असते, कधी परवान्याची खटपट. या अवधीत त्या जागेचे काय होते? पहिल्या पावसात तेथे रान माजते, मग शेजारपाजारचा कचरा येऊन पडू लागतो, आणि पुढे हद्दीचा दगड कोठे होता याविषयीच वाद सुरू होतो. भूमी रिकामी अशी राहतच नाही. धन्याने तिचा उपयोग केला नाही, तर दुसरे कोणी तरी करते. म्हणून या मधल्या काळाचा सदुपयोग कसा करावा, याचा गोमंतकातील जमिनीपुरता आपण येथे विचार करू.

आपल्याकडील सड्यावरची आणि डोंगरउतारावरची माती तांबडी, जांभ्या खडकापासून झालेली असते. तिचा वरचा काही इंचांचा थरच काय तो कसदार असतो. कुजलेला पालापाचोळा आणि असंख्य सूक्ष्म जीव त्यातच असतात. असा एक इंच थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तो थोड्याच पावसाळ्यांत वाहून जातो. तेव्हा पहिले कर्तव्य मातीच्या रक्षणाचे. उतारास आडवे, बुटके बांध घालावेत आणि पहिल्या पावसाबरोबर ताग पेरावा. पाणी साचत असेल तेथे धैंचा बरा. या वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. सहासात आठवड्यांनी फुले येऊ लागताच पीक कापून मातीत गाडले, की हिरवळीचे उत्तम खत होते.

दुसरी गोष्ट पिकांची. कोंकणीत ज्याला आपण ‘पोरसूं’ म्हणतो, ती परसबाग घर होण्यापूर्वीही करता येते. पावसाळ्यात भेंडी, दोडकी, काकडी आणि अळू; पावसानंतर तांबडी भाजी, मुळा, मिरची आणि अळसांदे ही पिके काही आठवड्यांत अथवा महिन्यांत हाती येतात. सुरणास व केळीस अधिक काळ लागतो. बांधकाम वर्षभर तरी लांब असेल तरच ती लावावीत. नारळ, आंबा, फणस मात्र आराखडा ठरल्यावाचून लावू नयेत. आज प्रेमाने लावलेले झाड उद्या पायाच्या आड येते आणि ते तोडणे जिवावर येते. शिवाय मुळे व खुंट पायाखाली राहिले, तर वाळवीला आमंत्रण मिळते.

तिसरा लाभ ज्ञानाचा. बागेच्या निमित्ताने जो मनुष्य दोन पावसाळे त्या जागेत वावरतो, त्याला पाणी कोठून येते, कोठे तुंबते, पावसाची झड कोणत्या बाजूने मारते आणि वैशाखात सावली कोठे पडते, हे आपोआप कळते. येथे थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे 300 चौरस मीटरच्या जागेवर सुमारे 9 लक्ष लिटर पाणी पडते, आणि तेही बहुतांशी चार महिन्यांत! या पाण्याची वाट न ओळखता बांधलेल्या घराच्या भिंती ओल धरतात. ओळखून बांधले, तर तेच पाणी जिरवून विहिरीच्या उपयोगी पडते.

शेवटी बांधकामाचा दिवस उजाडतो. पायासाठी घट्ट जमीन लागते. म्हणून वरची भुसभुशीत माती काढावीच लागते. पुष्कळदा ती चिऱ्यांच्या तुकड्यांबरोबर कोठे तरी फेकली जाते, आणि घर झाल्यावर तीच माणसे बागेसाठी विकतची माती आणतात! ती माती एका कोपऱ्यात वेगळी साठवावी. ढीग फार उंच करू नये, आणि पावसाने वाहू नये म्हणून त्यावर चवळी अथवा ताग पेरावा. घराभोवतीची पुढची बाग याच ठेव्यावर उभी राहते.

1965 साली देशात धान्याची टंचाई असता पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी मोकळ्या जागेत धान्य व भाजीपाला पिकविण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर स्वतः नांगर धरला. आज टंचाई तशी राहिलेली नाही. परंतु हाती असलेली भूमी वाया दवडू नये, हा त्यातील बोध जुना झालेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या कुटुंबाची अशी एखादी जागा असेल, तर या पावसाळ्यात वडीलधाऱ्यांसमवेत तेथे जा. हद्दीचे दगड शोधून त्यांच्याभोवतीचे रान काढा, पाण्याच्या वाटा कागदावर रेखाटा, आणि मूठभर अळसांदे पेरून या. घर बांधणे हे थोरांचे काम खरे. परंतु ज्या भूमीवर ते उभे राहावयाचे, तिची ओळख करून घेण्यास वयाची अट नाही.