पाच मण्यांचं कडं आणि रक्तवाहिन्यांची वाढ



गुडघा खरचटला की काही दिवसांत तिथे नवी कातडी येते. तिला रक्त पोचवायला जुन्या वाहिन्यांमधून बारीक केशवाहिन्या फुटतात. या क्रियेला अँजिओजेनेसिस म्हणतात. जखम भरली की ती थांबते. कर्करोगाच्या गाठीत मात्र ती चालूच राहते.

१९७१ साली अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की गाठ एक-दोन मिलिमीटरपर्यंतच स्वतःच्या बळावर वाढते; पुढे तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. मग त्या फुटूच दिल्या नाहीत तर? तेव्हा फार थोड्यांना हे पटलं.

आता पेशीकडे बघा. कारल्याचा वेल मांडव धरत धरत चढतो ना, तशाच रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी भोवतालच्या प्रथिनांना धरत पुढे सरकतात. धरणारा हात म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं इंटेग्रिन. आणि तो धरतो काय? फायब्रोनेक्टिनच्या एका साखळीत दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लं असतात, पण पकडीसाठी मुख्यतः तीनच पुरतात: आर्जिनीन, ग्लायसीन, अस्पार्टिक आम्ल. हे १९८४ मध्ये कळलं. मला तरी हे आजही नवल वाटतं.

म्युनिकमध्ये होर्स्ट केसलर यांच्या गटाने हेच तीन मणी घेतले, आणखी दोन जोडले आणि माळेची टोकं एकमेकांना जोडून कडं केलं. कडं कशाला? सुटी साखळी लुळी असते, शिवाय विकरं तिला टोकांकडून कुरतडतात. कड्याचा आकार टिकतो आणि ते हातात घट्ट बसतं. हेच सिलेंजिटाइड. हात असा आधीच भरला की पेशीला पकड मिळत नाही. ती सरकत नाही, कित्येकदा मरते.

इथेच थांबून उत्तरपत्रिकेत 'म्हणून कर्करोग बरा होतो' असं लिहिणारे बरेच भेटतात. मी गुण कापतो. कारण पुढचं ऐका. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या गाठीसाठी पाचशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांना सिलेंजिटाइडची जोड दिली, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी, २००९ साली, उंदरांवरच्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली होती: अगदी कमी प्रमाणात हेच औषध वाहिन्यांची वाढ उलट वाढवतं! औषध आठवड्यातून दोनदा शिरेतून द्यायचे आणि ते रक्तातून काही तासांतच ओसरायचं. म्हणजे ते कमी प्रमाण प्रत्येक वेळी येणारच. अपयशाचं हे एक कारण असू शकतं. दुसरं म्हणजे गाठीकडे वाहिन्या फोडायचे इतर मार्गही असतात.

घरी कुणी आजारी असेल आणि मोबाईलवर 'पेप्टाइडचा रामबाण उपाय' आला, तर आधी विचारा: हे बशीतल्या पेशींवर दिसलं, उंदरात, की माणसात?

आता वहीत लिहा: रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं बेव्हासिझुमॅब हे औषध ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान २८ दिवस थांबवतात. का? गुडघा आठवा.