समोरच्या दाताचं ‘पांढरं सिमेंट’ किती वर्षं टिकतं?



मागच्या लग्नसराईच्या आधीची गोष्ट. आमच्या पाथरीतल्या एका वस्तीत एक ताई मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. त्यांची मुलगी लहानपणी हापशावर पडली होती, तेव्हा समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला. पाहुणे बघायला येणार म्हणून बचत गटातून पैसे उचलून दाताला बॉण्डिंग करून आणलं. चौथ्या महिन्यात भाकरी खाताना तुकडा निघून हातात आला. घरात सगळे पोरीलाच बोलत होते, “तुलाच सांभाळता आलं नाही.” ती ओढणी तोंडावर धरूनच माझ्याशी बोलली.

मी दाताची डॉक्टर नाही, नर्स आहे. पण तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या लाल, सुजलेल्या, बोट लागताच रक्त. मला पहिली शंका तिथेच आली.

बॉण्डिंग म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट, आपल्याकडे ज्याला पांढरं सिमेंट म्हणतात ते. दात स्वच्छ करून त्यावर काही सेकंद सौम्य आम्ल लावतात. त्याने दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. मग धुऊन, वाळवून चिकट द्रव लावतात, तो खड्ड्यांत शिरतो. त्यावर कंपोझिटचे थर देऊन निळ्या प्रकाशाने घट्ट करतात आणि शेवटी पॉलिश. आम्लाची ही युक्ती अमेरिकेतल्या बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने 1955 मध्ये दाखवून दिली. सगळी पकड त्या खड्ड्यांची असते. वाळवलेल्या दाताला मध्येच लाळ किंवा रक्त लागलं की पकड कच्ची राहते. भिंत ओली असताना रंग दिला तर पोपडा निघतोच. म्हणून आधी दात साफ करून घ्यायचे, हिरड्यांची सूज उतरू द्यायची, मगच बॉण्डिंग. पाहुणे उद्या येणार म्हणून आज घाई केली तर पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त.

नीट केलेलं बॉण्डिंग साधारण तीन ते दहा वर्षं टिकतं. कायमचं नसतं. कोणी “आयुष्यभराची गॅरंटी” म्हणत असेल तर उठून यावं. लहान कोपरा जास्त टिकतो. अर्धा दात उभा केला असेल, तर चावताना जोर येऊन लवकर तुटतो. फ्लोराइडच्या पाण्याने डागाळलेल्या दातावर पकड तितकी पक्की बसत नाही, तेही डॉक्टरांना आधीच विचारावं.

बाकी टिकणं आपल्या सवयींवर. आपल्या बायकांना शिवणकामात दोरा दाताने तोडायची सवय असते. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं, हे समोरच्या दाताने बंद. मिश्री, राख, कोळसा, मिठाने घासलं की पॉलिश खरवडून निघतं आणि त्या खरखरीत जागेवर चहाचा, तंबाखूचा डाग बसतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे म्हणे! दारूने तर कंपोझिट मऊ पडतं. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट पुरे. डाग पडला तर पॉलिश होतं, टवका गेला तर बहुधा तेवढीच जागा दुरुस्त करता येते, सगळं नव्याने करावं लागत नाही. ही माहिती बहुतेकांना कोणी देतच नाही.

आठवडी बाजारात बसून दात बसवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ते वापरतात ते ॲक्रिलिक वेगळं. ते हिरडीला घासतं, खाली घाण साचते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मानवत रोडहून रेल्वे मिळते. परभणीतही दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं करतात, वर शिक्षक उभे असतात. वेळ लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च खासगीपेक्षा कमी येतो.

आणखी एक. लेकरू पडून दाताचा तुकडा निघाला तर तो फेकू नका. पाण्यात किंवा दुधात टाकून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पुष्कळदा तोच तुकडा याच पद्धतीने परत चिकटवता येतो.

त्या मुलीच्या हिरड्यांवर आधी उपचार झाले, मग दुसऱ्यांदा बॉण्डिंग. त्याला आता वर्ष होऊन गेलं. परवा भेटली तेव्हा तिने ओढणी न धरता दात दाखवला. कडेला चहाची बारीक रेघ आली आहे. पुढच्या महिन्यात पॉलिशला जायचं म्हणाली.