अपग्रेडनंतर नॅसचा फॅन घोंघावतोय: काय करावे, काय टाळावे

काय करावे

- आधी डिस्कचे तापमान पाहा, आवाजाचे नंतर. स्मार्टच्या तक्त्यात ते बहुधा 194 क्रमांकावर सापडते.
- तापमान 40 अंशांच्या आत असून फॅन ओरडत असेल, तर बिघाड फॅनच्या नियंत्रणात शोधा.
- 50 अंश ओलांडले असतील, तर फॅनला दोष देऊ नका. हवा कुठे अडते ते शोधा.
- आवाज नीट ऐका: एकसुरी घोंघाट म्हणजे पूर्ण वेग, दर थोड्या वेळाने चढ-उतार म्हणजे मर्यादांचा घोळ, घरघर म्हणजे बेअरिंग गेले.
- टकटक ऐकू आली तर फॅन सोडा आणि बॅकअप घ्या. तो डिस्कचा आवाज आहे.
- नवी आवृत्ती टाकल्यावर एक दिवस वाट पाहा; इंडेक्सिंग आणि थंबनेलचे काम संपले की बरेच फॅन आपसूक शांत होतात.
- स्क्रब (डेटाची तपासणी) किंवा रिसिल्व्हर (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणे) चालू आहे का ते तपासा. त्या काळात डिस्क तापणारच.
- सिनॉलॉजी असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'हार्डवेअर अँड पॉवर'मध्ये फॅनचा मोड पाहा. तापमान ठीक असेल तर 'क्वाएट' निवडा.
- बायॉस अद्ययावत केले असेल, तर फॅनची सेटिंग पुन्हा भरा. ती बहुतेक वेळा मूळपदावर गेलेली असते.
- पुढच्या वेळी अपग्रेडआधी बायॉसमधल्या फॅनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.
- लिनक्सवर 'फॅनकंट्रोल' वापरत असाल, तर 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' पुन्हा चालवा. नव्या कर्नलमध्ये सेन्सरचे क्रमांक सरकतात आणि जुनी फाइल भलत्याच ठिकाणी बोट दाखवते.
- ट्रूनॅस कोअरवरून स्केलवर आला असाल, तर स्क्रिप्टमधली डिस्कची नावे बदला. फ्रीबीएसडीतली 'एडीए0' लिनक्सवर नसते, तिथे 'एसडीए' असते.
- सुपरमायक्रो बोर्डावर मंद फिरणारे फॅन लावले असतील, तर बीएमसीतल्या (बोर्डावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकातल्या) वेगाच्या खालच्या तिन्ही मर्यादा उतरवा. वेग मर्यादेखाली गेला की फॅन बंद पडला असे समजून बीएमसी सगळे फॅन पूर्ण वेगाने सोडतो, वेग सावरला की खाली आणतो, आणि हा खेळ रात्रभर चालतो.
- मर्यादा फॅनच्या किमान वेगाच्या बऱ्याच खाली ठेवा. मिनिटाला 400 फेऱ्यांवर फिरणाऱ्याला 100, 200, 300 चालतात.
- बीएमसीचे फर्मवेअर बदलले की या मर्यादा पुन्हा तपासा.
- तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या जागी लावला असेल, तर त्या जागेचा मोड पीडब्ल्यूएमवरून डीसीवर न्या. नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल.
- रिकाम्या कप्प्यांची झाकणे परत लावा. उघड्या कप्प्यातून हवा पळते आणि डिस्क हवेविना राहतात.
- नवे 10 गिगाबिटचे किंवा एचबीए कार्ड बसवले असेल, तर त्यावरून हवा वाहते ना ते पाहा.
- धूळ मऊ ब्रशने काढा, आणि हवेचा झोत मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

काय टाळावे

- फॅनची वायर काढून 'किती तापते ते पाहू' असा प्रयोग करू नका.
- वेग कमी करायला रेझिस्टरची वायर मध्ये जोडू नका. फॅन मर्यादेखाली जाऊ शकतो आणि आवाज उलट वाढू शकतो.
- फक्त प्रोसेसरच्या तापमानावर फॅन बांधू नका. प्रोसेसर गार असताना डिस्क भाजत असू शकतात.
- दुसऱ्या बोर्डासाठी लिहिलेली आयपीएमआयची रॉ कमांड उचलून चालवू नका. त्याच आकड्यांचा तुमच्या बोर्डावर अर्थ वेगळा असू शकतो.
- एका वेळी दोन बदल करू नका. कशाने फरक पडला ते कळणार नाही.
- फॅनचा प्रश्न सुटेपर्यंत झेडएफएस पूल अपग्रेड करू नका. नवी वैशिष्ट्ये चालू झाली की जुन्या आवृत्तीवर परतण्याची वाट बंद होऊ शकते. सूचना रोज डोळ्यांसमोर येईल, येऊ द्या.
- रिसिल्व्हर चालू असताना पेटी उघडून केबल हलवू नका.
- 1यू सर्व्हरमधले 40 मिलिमीटरचे फॅन काढून शांत फॅन बसवू नका; दाटीतून हवा ढकलण्याचा जोर त्यांच्यात नसतो. शांतता हवीच असेल तर पेटी मोठी घ्या.
- नवा फॅन उलटा लावू नका. चौकटीवर बाण असेल तर हवेची दिशा तोच सांगतो.
- शांततेसाठी डिस्क दर पाच मिनिटांनी झोपवू नका. वारंवार बंद-चालू होण्याने त्या झिजतात.
- नॅस टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका, आणि जाळीवर फोम चिकटवू नका.
- घरघरणाऱ्या बेअरिंगमध्ये तेल सोडू नका, फॅन बदला.
- जानेवारीत बसवलेला वेग मे महिन्यात तसाच ठेवू नका. विदर्भात तर मार्चमध्येच पुन्हा मोजा.